पार्किंगमधली खुर्ची, फुटपाथवरचा बर्फ आणि ग्रुपवरची धुळवड

धागाकर्ता: ध्रुवीय_अस्वल

फूटभर बर्फ पडला की बॉस्टन असो, शिकागो असो की टोरांटो, परिसराच्या ग्रुपवर ठरलेली भांडणं ठरलेल्या क्रमाने येतात. आधी ‘मी उकरलेल्या जागेत गाडी कोणी लावली?’ मग ‘कोपऱ्यावरच्या घराचा फुटपाथ अजून तसाच आहे’. मग कोणीतरी नंबरप्लेटचा फोटो टाकतं, आणि संध्याकाळपर्यंत विषय बर्फावरून ‘तुमच्यासारखी माणसं इथे राहायला आल्यापासून’वर घसरलेला असतो. पहिलाच हिवाळा बघणारी आपली मंडळी यात हमखास सापडतात. नियम माहीत नसतो, आणि गल्लीची रीत तर त्याहून माहीत नसते.

हा धागा त्यासाठी. शहराचं नाव लिहूनच माहिती द्या, एका गावात चालतं त्याला दुसऱ्या गावात दंड असतो. ‘आमच्या शेजाऱ्याने काय केलं’ हे किस्से इथे नकोत, त्याला वेगळे धागे आहेत.

बॉस्टनपासून सुरुवात करतो.

रस्त्यावरची जागा: शहराने स्नो इमर्जन्सी (बर्फवादळापुरती आणीबाणी) जाहीर केली असेल तरच उकरलेल्या जागेत खुर्ची, कोन, बादली असं काही ठेवून ती राखता येते. इमर्जन्सी उठल्यापासून ४८ तासांत ती वस्तू काढायची. साउथ एंड भागात हे अजिबात चालत नाही. इमर्जन्सी जाहीरच झाली नसेल तर आठ इंच पडला तरी खुर्चीला अर्थ नाही. घोळ होतो तो मोजण्यात. कोणी बर्फ थांबल्यापासून ४८ तास धरतं, कोणी आपली गाडी उकरून झाल्यापासून. मोजायचे ते इमर्जन्सी उठल्याच्या वेळेपासून. ती वेळ शहर जाहीर करतं, ग्रुपवर तेवढी एक ओळ आधीच चिकटवून ठेवा.

फुटपाथ: घरापुढचा तुकडा ज्याचा त्याने साफ करायचा. बर्फ थांबल्यापासून ३ तासांत साफ हवा, रात्री थांबला तर सूर्योदयापासून ३ तासांत. रुंदी किमान ४२ इंच. फावड्याच्या एका फेरीची चिंचोळी वाट करून ‘आम्ही केलं की’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तसल्या चिंचोळ्या वाटेतून व्हीलचेअर जात नाही. कोपऱ्यावरचं घर असेल तर रस्त्यावर उतरायचा उतारही मोकळा करायचा. आणि साफ केलेला बर्फ रस्त्यात लोटायचा नाही, त्यालाही दंड आहे.

डोर्चेस्टरचा_बोका

भाडेकरूंसाठी भर घालतो, कारण आपल्यातले बरेच जण भाड्याने राहतात आणि मालक सरळ ‘बर्फ तुम्ही काढा’ म्हणतो. मॅसॅच्युसेट्सच्या स्वच्छता संहितेनुसार बाहेर पडायचे मार्ग बर्फापासून मोकळे ठेवायची जबाबदारी मालकाची. ती भाडेकरूवर टाकायची तर दोन गोष्टी लागतात: तो दरवाजा फक्त तुमच्याच घराचा हवा, आणि करारात तसं लिहिलेलं हवं. तीन मजली घराचा सामाईक जिना आणि पुढची पायरी यात बसत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांशी भांडत बसतात आणि मालक गंमत बघतो, असं चित्र जागोजागी दिसतं.

२०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक जुनी पळवाट बंद केली. त्याआधी ‘बर्फ नैसर्गिकरीत्या पडला, आम्ही हात लावला नाही, म्हणून घसरून पडणाऱ्याला आम्ही जबाबदार नाही’ असं मालक म्हणू शकत. आता इतर धोक्यांसारखीच बर्फाचीही वाजवी काळजी घ्यावी लागते. तेव्हा ‘हातच लावू नका, लावलात तर अडकाल’ हा व्हॉट्सअ‍ॅपी सल्ला निदान इथे तरी बाद.

लेकव्ह्यू_ललित

शिकागो. इथे खुर्ची ठेवण्याला ‘डिब्स’ म्हणतात आणि ती उघड उघड बेकायदा आहे. सार्वजनिक रस्त्यावर सामान ठेवता येत नाही, विषय संपला. पण पालिका वादळानंतर काही दिवस काणाडोळा करते आणि मग एक दिवस जाहीर करून सगळं भंगार उचलते. इस्त्रीचं टेबल, मोडका व्हॅक्यूम, लॉन चेअर, काय वाटेल ते असतं. म्हणजे कायदा एका बाजूला, रीत दुसऱ्या बाजूला, आणि नवा माणूस मधे.

व्यवहारी सल्ला: खुर्ची असलेल्या जागेत गाडी लावायचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. पण तो बजावलात तर टायरची हवा, खरवडलेला रंग किंवा रात्रीत गाडीवर ओतलेलं आणि सकाळी दगड झालेलं पाणी, यापैकी काहीतरी वाट्याला येऊ शकतं, आणि ते कोणी केलं हे सिद्ध होत नाही. दोन चौक पुढे जाऊन लावा.

फुटपाथचा नियम: सकाळी ७ ते संध्याकाळी ७ दरम्यान पडलेला बर्फ रात्री १० पर्यंत, रात्रीत पडलेला सकाळी १० पर्यंत, ५ फूट रुंद वाट. दंड ५० ते ५०० डॉलर. इलिनॉयमध्ये १९७९ चा एक कायदा आहे: राहत्या घरापुढचा फुटपाथ साफ करणाऱ्यावर, त्याने मुद्दाम किंवा बेपर्वाईने काही केलं नसेल तर, साफसफाईतल्या उणिवेबद्दल दावा लागत नाही. शेजाऱ्याचा तुकडाही साफ करायला कचरणाऱ्यांना हा सांगा.

आणि एक, जे दर वर्षी नव्यांना भोवतं: १ डिसेंबर ते १ एप्रिल ठरावीक मुख्य रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ गाडी लावायला बंदी असते. बर्फ असो वा नसो. गाडी सरळ उचलून नेतात. लोक शेजाऱ्याने तक्रार केली म्हणून ग्रुपवर त्याच्या नावाने शिमगा करतात, आणि पाटी तिथेच खांबावर असते.

अवांतर: १९७९ च्या हिमवादळानंतर रस्ते साफ झाले नाहीत म्हणून इथला महापौर मायकेल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून हरला. त्यामुळे पालिका बर्फाला घाबरते, खुर्चीवाल्यांना त्याहून जास्त.

गारठलेला_गवळी

सार्वजनिक रस्ता म्हणजे सार्वजनिक. खुर्ची ठेवणं ही शुद्ध दादागिरी आहे, आपण गल्लीतल्या गुंडांना ‘रीत’ म्हणतोय. मॉलच्या पार्किंगमध्ये खुर्ची ठेवून दाखवा.

डोर्चेस्टरचा_बोका

गवळीबुवा, तत्त्व मान्य. पण प्लोने (रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीने) दोन्ही बाजूंनी दाबलेली गाडी बाहेर काढायला दोन-तीन तास जातात, तिथे रात्रपाळीची नर्स सकाळी परत आल्यावर जागा भरलेली दिसली तर तिने काय करायचं? बॉस्टनने ४८ तासांची मुदत घातली ती म्हणूनच. हक्क नाही, तडजोड आहे. चिडायचंच तर ४८ तास उलटून गेल्यावर आठवडाभर पडून असलेल्या खुर्चीवर चिडा. आणि तीही स्वतः उचलू नका, ३११ ला (पालिकेच्या तक्रार क्रमांकाला) पत्ता कळवा. उचलणाऱ्याचा चेहरा समोरच्या दारावरच्या कॅमेऱ्यात येतो आणि संध्याकाळी ‘चोर’ म्हणून ग्रुपवर झळकतो.

बर्फीवाली_मावशी

ज्यांना जमत नाही त्यांनी फ्लोरिडाला जावं. [या प्रतिसादातला पुढचा मजकूर काढला आहे. – नियंत्रक]

नियंत्रक

सूचना एकदाच: कोण कुठून आलं, कोणी कुठे जावं, हे इथे नको. इमारत, गल्ली, गाडीचा रंग अशी ओळख पटेल असे तपशीलही लिहू नका.

घिसाडी

आता जरा कामाचं बोलू. निम्मी भांडणं ‘बर्फ कुठे टाकायचा’ याची असतात आणि त्याला उत्तर आहे.

घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड करून ड्राइव्हवेच्या (घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेच्या) टोकाला उभे राहा. अमेरिका-कॅनडात वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे तुमच्या बाजूचा प्लो तुमच्या डावीकडून उजवीकडे जाणार. तुम्ही काढलेला बर्फ डावीकडे रचलात तर प्लो तो ढीग ओढून परत तुमच्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी आणून टाकतो. म्हणून ढीग नेहमी उजवीकडे. त्याहून चांगलं म्हणजे डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेने सुमारे १० फूट लांबीचा खिसा मोकळा करून ठेवा. प्लोच्या पात्यावरचा बर्फ त्या खिशात रिकामा होतो आणि तुमच्या तोंडाशी येणारा बांध बराच लहान राहतो. अडचण ही की तुमची उजवी बाजू म्हणजे पुढच्या शेजाऱ्याची डावी बाजू. घरं चिकटून असतील तर तुमचा ढीग त्याच्या खिशात जातो. यासाठी ढीग रस्त्याकडेला न रचता आत, आपल्या हिरवळीवर घ्यायचा. मेहनत जास्त पडते, पण भांडण होत नाही.

प्लोचालक मुद्दाम तोंड बुजवतो हा समज सोडा. पातं एका बाजूला वळलेलं असतं, प्रत्येक ड्राइव्हवेपाशी उचलत बसला तर रात्रभरात चार गल्ल्याही होणार नाहीत.

वजनाचा हिशोब करून बघा. २० बाय ४० फुटांचा ड्राइव्हवे, त्यावर १२ इंच साधा भुसभुशीत बर्फ: ८०० घनफूट. दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी धरलं तर सव्वादोन टन होतात. ओला, जड बर्फ असेल तर दुप्पट सहज. हे एकट्याने एका दमात उचलायचं नसतं. दर ४-५ इंचांनी एकदा बाहेर पडा, उचलण्यापेक्षा ढकला, फावडं अर्धंच भरा, कमरेतून वळून मागे फेकू नका. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि वर्षभर खुर्चीत बसणाऱ्यांनी फावड्याला हात लावू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात श्वास रोखून वजन उचललं की झटका यायला तेवढं पुरतं.

स्नो ब्लोअर (बर्फ खेचून नळीतून लांब फेकणारं यंत्र): दोन टप्प्यांचा २४ इंची ब्लोअर ३० ते ४० फूट फेकतो. ५० फुटांच्या प्लॉटवर ‘उजवीकडे फेकला’ म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीवर, खिडकीवर. बर्फाबरोबर खडीही उडते. फेकायच्या नळीचं वरचं झाकण खाली वाकवून पल्ला कमी करा आणि वाऱ्याच्या दिशेने फेका. खडीचा ड्राइव्हवे असेल तर खालचे स्किड (बाजूचे लोखंडी पाय) असे लावा की यंत्राचं तोंड जमिनीपासून इंचभर वर राहील.

बर्फाखाली गोठलेली वर्तमानपत्राची सुरळी ऑगरमध्ये (बर्फ खेचणाऱ्या फिरत्या पात्यात) अडकली की त्याची शिअर पिन तुटते. तुटायलाच असते ती, गिअरबॉक्स वाचवायला. त्या जागी घरातला साधा जाड बोल्ट घातलात तर पुढच्या वेळी पिन न तुटता गिअरबॉक्स जातो. कंपनीच्या दोन-चार पिना आधीच आणून ठेवा, वादळाच्या दिवशी दुकानात मिळत नाहीत. नळी तुंबली तर इंजिन बंद करा, ऑगर थांबू द्या, आणि मगही हात न घालता काठीनेच साफ करा. इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात ताण राहिलेला असतो, अडथळा सुटताच पातं एक गिरकी घेतं. बोटं जातात ती अशीच.

तळेगावकर_टोरांटो

घिसाडी यांचा प्रतिसाद वाचून निम्मं ग्रुप-भांडण मिटावं!

टोरांटोत बहुतेक फुटपाथ आता शहरच यंत्राने साफ करतं, त्यामुळे ‘फुटपाथ कोणाचा’ हा वाद कमी. इथे वाद बांधाचा, म्हणजे प्लोने ड्राइव्हवेच्या तोंडाशी सोडलेल्या कडक ढेकळांचा. काही भागांत शहर तो फोडून वाट करतं, जुन्या शहराच्या अरुंद रस्त्यांवर करत नाही. लोक मग तो उचलून समोरच्या रस्त्यात टाकतात. ओंटारिओच्या वाहतूक कायद्यात परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकायला मनाई आहे, शिवाय शहराचाही तसा नियम आहे. रस्त्यात टाकलेलं ढेकूळ रात्रीत गोठतं आणि सकाळी कोणाच्या तरी गाडीखाली येतं. ‘सगळेच टाकतात’ हे ३११ ला चालत नाही.

बाकी जानेवारी १९९९ मध्ये मेल लास्टमन यांनी बर्फासाठी लष्कर बोलावलं होतं त्यावरून आजही उरलेला कॅनडा टोरांटोकरांना चिडवतो.

एडिसन_एक्झिट_दहा

न्यू जर्सी, टाउनहाउसवाल्यांसाठी. इथे भांडण शेजाऱ्याशी कमी आणि असोसिएशनशी (घरमालकांच्या सोसायटीशी) जास्त. ग्रुपवर शिव्या घालण्याआधी ठेकेदाराचा करार मागवून वाचा, सभासदाला तो मागता येतो. बघायचं काय: किती इंचांनंतर प्लो येणार (बहुधा २ इंच), पैसे फेरीगणिक की हंगामाचे, मीठ धरून आहे की वेगळं, दारापर्यंतची पायवाट आणि पायऱ्या आहेत की फक्त रस्ता, आणि उभ्या गाड्यांच्या मागे राहिलेला बांध कोण काढणार. शेवटचा मुद्दा नव्वद टक्के करारांत कोणीच धरलेला नसतो हे पैजेवर सांगतो, आणि सगळी बोंब त्याचीच असते. सोपा उपाय: दुसऱ्या फेरीची वेळ आधी ठरवून त्या तासाभरात सगळ्यांनी गाड्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये हलवायच्या.

निघण्याआधी गाडीच्या टपावरचा बर्फही काढा. न्यू जर्सीत तो कायदा आहे, दंड २५ ते ७५ डॉलर, आणि उडालेल्या बर्फाने कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर २०० ते १००० डॉलर.

खडामीठ

मिठाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि कुत्रेवाले विरुद्ध मीठवाले हा तर कायमचा सामना आहे.

साधं खडं मीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ निकामी. त्याखाली लोक दुप्पट-तिप्पट टाकतात आणि काही होत नाही म्हणून आणखी टाकतात. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते उणे ३० च्या आसपासही काम करतं. पण ते हातमोजे घालूनच टाका, ओलाव्यात तापतं आणि कुत्र्यांच्या पंजांना झोंबतं. साध्या मिठाचं प्रमाण: कॉफीचा एक मग, साधारण १२ औंस, ५०० चौरस फुटांना पुरतो. आधी बर्फ खरवडायचा, मग मीठ. मीठ बर्फ वितळवण्यासाठी नसून तो फरशीपासून सुटा करण्यासाठी आहे. नवीन काँक्रीटला पहिला हिवाळा मीठ नको, वाळू टाका.

आणि ढीग रचताना उतार बघा. फुटपाथच्या वरच्या अंगाला ढीग केलात तर दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी फुटपाथवरून वाहतं आणि रात्री काचेसारखं गोठतं. सकाळी तुमचा फुटपाथ ‘साफ’ असतो आणि माणूस तिथेच आपटतो. शेजाऱ्याच्या तळघराच्या भिंतीला लागून ढीग केलात तर मार्चमध्ये पाणी त्याच्या तळघरात. त्याचं भांडण मात्र मग बर्फापुरतं राहत नाही.

गाळणी

परिसराचे ग्रुप सांभाळणाऱ्यांसाठी थोडं.

फुटपाथ साफ नाही अशी पोस्ट टाकण्याआधी बघा की वाचणाऱ्याच्या हातात काय आहे. ग्रुपकडे निरीक्षक नाही, ३११ कडे आहे. तिथे पत्ता, वेळ, फुटपाथचा फोटो द्या. ग्रुपवर टाकायचंच तर घर क्रमांक, दार, नंबरप्लेट, माणसं फोटोत नकोत. न काढलेला बर्फ म्हणजे बऱ्याचदा घरचे गावाला गेलेत किंवा कोणी आजारी आहे. पत्त्यासकट फोटो म्हणजे ‘हे घर रिकामं आहे’ अशी चोराला दिलेली जाहिरात.

मजकूर असा काहीसा असावा: ‘शाळेकडून बसथांब्याकडे जाताना उजव्या बाजूचा मधला तुकडा अजून बंद आहे, व्हीलचेअर अडते. कोणाला मदत हवी असेल तर आम्ही दोघं ११ वाजता फावडी घेऊन तिथे आहोत.’ यात आरोप नाही, जागा आहे, वेळ आहे, आणि ‘आळशी लोक’ लिहायला कोणाला फट नाही.

अ‍ॅडमिननी वादळाच्या आदल्या संध्याकाळी एकच पोस्ट वर टाचून ठेवावी: इमर्जन्सीची वेळ, फुटपाथची मुदत, ३११, कोणाकडे जादा फावडं किंवा ब्लोअर आहे. फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे, ती रात्री १० ला चालू आणि सकाळी ६ ला बंद करा. सगळ्यात विखारी मजकूर रात्रीच येतो, दिवसभर उकरून दमलेल्या माणसाकडून. ओळख उघड करणारा फोटो आला तर आधी तो सगळ्यांसाठी काढून टाका, मग टाकणाऱ्याशी खासगीत बोला. चारचौघांत झापलंत की त्याचे तीन मित्र धावून येतात आणि मूळ बर्फ बाजूलाच राहतो.

ग्रुपवर तुमच्यावर कोणी तुटून पडलं तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, उत्तर देऊ नका, अ‍ॅडमिनला पाठवा. ‘टायर फाडीन’ प्रकारची धमकी असेल तर पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या क्रमांकावर कळवून नोंद घ्यायला सांगा.

आणि हो, सार्वजनिक ग्रुपवर शेजाऱ्याबद्दल मराठीत टोमणा मारला तर कळत नाही, हा भ्रम काढून टाका. खाली भाषांतराचं बटण असतं.

गारठलेला_गवळी

शेवटचं वाक्य आमच्या कॉलनीत फ्लेक्स लावण्यासारखं आहे. खुर्चीबद्दल मत तेच, पण ४८ तास गप्प बसेन.

बर्फीवाली_मावशी

वरचं फ्लोरिडा मागे घेते. एक विचारायचं होतं. सामाईक ड्राइव्हवे असेल तर वाटणी कशी करावी? दोघांपैकी एकाकडेच ब्लोअर आहे.

घिसाडी

मावशी, नोव्हेंबरमध्येच ठरवा आणि चार ओळींची ईमेल करून ठेवा. ब्लोअरवाला यंत्र चालवेल, दुसरा पेट्रोल आणि पिनांचा खर्च देईल, शिवाय पायऱ्या, फुटपाथ आणि तोंडाशी येणारा बांध फावड्याने काढेल. ढीग कुठल्या बाजूला, आणि पहाटे किती वाजल्यापासून यंत्र सुरू करायचं, हेही लिहा. जमीन गोठण्याआधी दोन्ही कडांना चार-चार फुटी खुणेच्या काठ्या ठोका, नाहीतर एप्रिलमध्ये कोणाची हिरवळ खरवडली यावर पुन्हा सुरू.

ध्रुवीय_अस्वल

बर्फ काढायला निघालातच तर दोन ठिकाणं, दोन्हींसाठी कोणी भांडत नाही म्हणून ती राहून जातात. एक, आगीचा बंब जोडायचा नळ: चारही बाजूंनी ३ फूट मोकळा, आणि तिथून रस्त्यापर्यंत वाट. दोन, घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेले भट्टीचे (घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचे) पांढरे पीव्हीसी पाइप. हे जमिनीपासून फूट-दोन फुटांवरच असतात. वाऱ्याने जमलेला किंवा ब्लोअरने फेकलेला बर्फ त्यांच्यावर बसला तर भट्टी बंद पडते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. दोन घरांच्या मधल्या बोळात ब्लोअर चालवत असाल तर शेजाऱ्याचे पाइप कुठे आहेत ते आधी विचारून घ्या, आणि काम झाल्यावर त्यांच्यापुढचा बर्फ हाताने काढून मगच आत जा.